बाळ नीट पीत नसेल तर : आधी काय तपासावे, मग काय करावे

बाळ नीट पीत नाही अशी शंका आली की बहुतेक घरांत आधी उपाय सुरू होतात आणि तपासणी मागाहून होते. कोणी बाटली आणते, कोणी आईला दूधच कमी आहे असा निकाल देऊन मोकळे होते, तर कोणी मिटलेल्या तोंडात चमचा घालू पाहते. या घाईत सारखे रडणारे पण उत्तम वाढणारे बाळ 'उपाशी' ठरते आणि पुरेसे न पिता निमूट झोपून राहणारे बाळ 'गुणी' ठरते. यातली दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण न पिऊन अशक्त झालेल्या नवजात बाळाच्या अंगात रडण्याचेही त्राण उरत नाही. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत. पहिला टप्पा तर कोणत्याही कारणाने वगळू नये.

टप्पा १ : घरी थांबायचे की निघायचे, हे ठरवणे

खोलीत पुरेसा उजेड करावा, बाळाचे छातीवरचे कपडे सैल करावेत आणि ते शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याचा मोह टाळावा, कारण नवजात बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो आणि तसा हिशोब हमखास चुकतो. त्यानंतर काखेत तापमापक ठेवून तापमान पाहावे.

बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल आणि पुढीलपैकी एकही लक्षण दिसले, तर घरचा कोणताही उपाय न करता लगेच रुग्णालय गाठावे :

- आधी नीट पिणारे बाळ पिणे सोडते, किंवा तोंडात स्तन दिला तरी ओढतच नाही.
- हलवून, कपडे काढूनही नीट जागे होत नाही; अंग लुळे वाटते.
- श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक आहे, श्वास घेताना छातीचा खालचा भाग खोल आत ओढला जातो, किंवा बाळ कण्हते.
- तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा अधिक, अथवा ३५.५ अंशांपेक्षा कमी आहे.
- झटके येतात, ओठ किंवा जीभ निळसर दिसते.
- उलटी हिरवी आहे.
- जन्मानंतर पहिल्या २४ तासांतच कावीळ दिसते, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला आहे.

दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाने काहीच पिऊ न शकणे, घेतलेले सगळे उलटून टाकणे, झटके येणे किंवा मलूल होऊन पडून राहणे या चार गोष्टी तितक्याच गंभीर समजाव्यात. या वयात श्वासाची मर्यादा वेगळी असते : एक वर्षाच्या आत मिनिटाला ५० आणि त्यानंतर ४०. श्वास तेवढे किंवा त्याहून अधिक भरले, तरीही त्याच दिवशी दाखवावे.

सावधान : गुंगीत असलेल्या बाळाच्या तोंडात दूध ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. बाळ जागे असून ओढत असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवरही अंगावर पाजत राहावे. नाही तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे आणि ऊब टिकवावी. 'सकाळपर्यंत वाट पाहू' हा विचार मोठ्या मुलाच्या सर्दीसाठी ठीक आहे. पिणे सोडलेल्या नवजात बाळासाठी तेवढी सवड नसते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत एक गोष्ट वेगळी आहे. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारणपणे गर्भावस्थेच्या ३४ व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या बाळासाठी रुग्णालयाने आखून दिलेले वेळापत्रकच पाळावे आणि पुढील सूचना त्याला पूरक म्हणूनच घ्याव्यात.

टप्पा २ : २४ तासांची लेखी नोंद

धोक्याचे लक्षण नसेल, तर पुढचे २४ तास कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : पाजल्याची वेळ, लघवी, शी आणि उलटी. आठवणीवर विसंबू नये. अपुऱ्या झोपेत घरातल्या दोघांच्या आठवणी दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. नोंद सुरू आहे म्हणून पुढचे टप्पे मात्र अडवून ठेवू नयेत. दोन्ही कामे एकाच दिवशी चालू शकतात.

लघवीचा हिशोब सोपा आहे. पहिल्या दिवशी निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असे वाढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा लंगोट भरपूर ओला व्हायला हवा. पहिल्या दोन दिवसांत लंगोटावर विटकरी किंवा केशरी डाग दिसू शकतो. त्यानंतरही तो दिसत राहिला तर दूध कमी पोहोचते आहे असे समजावे. बाजारी डायपर ओलावा शोषून कोरडा भासतो, त्यामुळे फसगत होते. एका कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओतून तो हातात धरून पाहावा, म्हणजे भरलेला डायपर किती जड लागतो याचा अंदाज येतो. आत मऊ कापडाचा तुकडा ठेवला तरी ओलावा चटकन कळतो.

शी पहिले एक-दोन दिवस काळी व चिकट असते, मग हिरवट होते आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास पिवळी होते. पाचव्या दिवशीही ती काळीच असेल, तर बाळ पुरेसे पीत नाही हे जवळजवळ निश्चित मानून त्याच दिवशी दाखवावे. सुमारे सहा आठवड्यांनंतर हा निकष कामाचा राहत नाही, कारण केवळ अंगावर पिणारे बाळ काही दिवस शी न करताही उत्तम वाढत असते.

सगळ्यांत भरवशाचा पुरावा वजनाचा असतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. त्याहून अधिक उतरले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तीन किलोच्या बाळासाठी ही मर्यादा ३०० ग्रॅमची होते. जन्माचे वजन १० ते १४ दिवसांत भरून यावे आणि त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ व्हावी. वजन नेहमी एकाच काट्यावर आणि कपडे काढून करावे. निरोगी बाळाचे रोज किंवा प्रत्येक वेळी पाजल्यानंतर वजन करण्याने काळजीखेरीज काही हाती लागत नाही.

तपासा : काही आठवड्यांनंतर स्तन सैल वाटणे, पंपाने थोडेच दूध निघणे, संध्याकाळी बाळाने वारंवार मागणे, रात्री उठणे, पाजल्यावरही बाटली दिली तर ती ओढणे. दूध कमी असल्याचा निकाल बहुधा याच पाच गोष्टींवरून दिला जातो आणि यांपैकी एकीनेही ते सिद्ध होत नाही. ओढणे ही नवजात बाळाची उपजत क्रिया आहे, त्यामुळे पोट भरलेले बाळही बाटली ओढते.

टप्पा ३ : पाजण्यापूर्वीची तयारी

बाळ रडण्याची वाट पाहू नये. रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधी बाळ चुळबुळ करते, तोंड उघडते, मान वळवून शोधते आणि हात तोंडाकडे नेते. रडण्याच्या भरात जीभ टाळूकडे उचललेली असते आणि पकड बसत नाही. म्हणून रडणाऱ्या बाळाला आधी छातीशी धरून शांत करावे व मगच पाजायला घ्यावे.

झोपाळू बाळाचा प्रश्न उलटा असतो. जन्माचे वजन भरून येईपर्यंत दिवसा तीन तासांहून आणि रात्री चार तासांहून अधिक अंतर पडू देऊ नये, मग बाळ कितीही गाढ झोपलेले असो. त्याला उठवण्यासाठी पांघरूण काढावे, लंगोट बदलावा, उघड्या अंगाने छातीशी धरावे आणि पाठ व तळवे हलके चोळावेत. तोंडावर गार पाणी शिंपडणे किंवा टाचेवर टिचक्या मारणे टाळावे. त्याने बाळ रडते, पण पीत नाही.

नाक चोंदले असेल तर पाजण्याच्या थोडे आधी प्रत्येक नाकपुडीत तयार सलाईनचे एक-दोन थेंब सोडावेत. घरी कालवलेले मिठाचे पाणी वापरू नये, कारण त्याचे प्रमाण चुकते.

स्तन भरून दगडासारखे कडक झाले असतील, तर बाळाला स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग तोंडात घेताच येत नाही. अशा वेळी पाजण्याआधी हाताने थोडे दूध पिळून तेवढा भाग मऊ करावा. या एका साध्या कृतीने कितीतरी 'न पिणारी' बाळे पिऊ लागतात.

टप्पा ४ : पकड बसवणे

वेळ खरा द्यायचा तो येथे. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध कमी पोहोचते तेव्हा कारण बहुधा स्तनात नसून पकडीत असते, आणि पकड न सुधारता केलेले बाकीचे सगळे उपाय तात्पुरते ठरतात.

१. आईने पाठ टेकून बसावे किंवा कुशीवर झोपावे. आईने बाळावर वाकू नये. बाळाला वर, आपल्याकडे आणावे.

२. बाळाचे पोट आईच्या अंगाला लागलेले असावे आणि कान, खांदा व कंबर एका रेषेत असावीत. मान वळवून गिळणे किती अवघड जाते, हे स्वतः खांद्यावरून मागे पाहत घोटभर पाणी पिऊन अनुभवावे.

३. बाळाचे नाक स्तनाग्रासमोर आणावे, तोंड नव्हे. त्यामुळे बाळ मान किंचित मागे करून तोंड मोठे उघडते.

४. स्तनाग्राने वरचा ओठ हलकेच स्पर्शावा आणि थांबावे. जांभई दिल्यासारखे तोंड उघडेपर्यंत थांबणे आवश्यक आहे. अर्धवट उघडलेल्या तोंडात घाईने स्तन कोंबणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

५. तोंड उघडताच बाळाला झटकन जवळ घ्यावे, असे की हनुवटी आधी टेकेल. आधार मानेला व खांद्यांना द्यावा. डोक्यामागून दाबले तर बाळ उलट मागे ताणते आणि पाहणाऱ्यांना वाटते की त्याला स्तनच नको आहे.

६. स्तनाला आधार द्यायचा असल्यास बोटे काळसर भागापासून दूर ठेवावीत. दोन बोटांच्या चिमटीत स्तन धरल्याने पकडीची जागाच अडते.

तपासा : हनुवटी स्तनाला टेकलेली आहे, तोंड मोठे उघडे आहे, खालचा ओठ बाहेर वळलेला आहे आणि काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या ओठाच्या बाजूला अधिक दिसतो आहे. या चारही गोष्टी असतील तर पकड बरोबर आहे.

यानंतर कान आणि डोळे बाळाच्या हनुवटीवर ठेवावेत. सुरुवातीला भराभर लहान ओढ चालते. पान्हा फुटला की ओढ संथ आणि खोल होते. हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते, तो थांबा म्हणजे दुधाचा घोट असतो आणि गिळल्याचा हलका आवाजही येतो. गाल आत खचत असतील, चुटचुट आवाज येत असेल किंवा नुसतीच भराभर ओढ चालू असेल, तर बाळ मेहनत करते आहे पण दूध पोहोचत नाही. गिळणे थांबले आणि बाळ पेंगू लागले तर स्तन हलकेच दाबून धरावा. दूध तोंडात आले की ते पुन्हा गिळू लागते. एक स्तन मोकळा होऊ द्यावा, मग दुसरा द्यावा. 'दहा मिनिटे हा, दहा मिनिटे तो' असा घड्याळी नियम लावू नये.

सावधान : पहिल्या काही क्षणांनंतरही आईला दुखत राहिले, किंवा बाळाने सोडल्यावर स्तनाग्र चपटे, तिरके वा पांढरे दिसले, तर पकड चुकली आहे. ओढून सोडवू नये. ओठांच्या कडेतून करंगळी आत घालून पकड सैल करावी आणि तिसऱ्या कृतीपासून पुन्हा सुरुवात करावी. वेदना सोसत पाजणे म्हणजे जखमेला आणि अपुऱ्या दुधाला एकदमच निमंत्रण आहे.

टप्पा ५ : तरीही पुरत नसेल तर

आता क्रम महत्त्वाचा. पहिल्या आठवड्यांत २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजले जाते आहे ना, हे नोंदीतून पाहावे. कमी असेल तर आधी ती संख्या वाढवावी. त्यानंतर प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर हाताने किंवा पंपाने दूध काढावे व तेच बाळाला द्यावे. स्तन जेवढा रिकामा होतो, तेवढे पुढचे दूध तयार होते. दूध न काढता केवळ वरच्या दुधाची बाटली सुरू केली, तर स्तनाला मागणी घटल्याचा संदेश जातो आणि दोन-चार दिवसांत दूध खरोखरच कमी होते. वरचे दूध सुरू करण्याचा निर्णय वजन पाहून, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा. तो घ्यावा लागला तर त्यात अपराध काहीच नाही, मात्र दूध काढणे सोडू नये.

काढलेले दूध लहान पेल्याने देता येते. बाळ पूर्ण जागे असावे आणि त्याला जवळजवळ बसते धरावे. पेल्याची कड खालच्या ओठावर अलगद टेकवून दूध ओठांना लागेल एवढाच पेला कलता करावा आणि बाळाला स्वतः चाटू-पिऊ द्यावे. दूध तोंडात ओतू नये. बाटलीच वापरायची असेल, तर बाळ अर्धवट बसते आणि बाटली जवळजवळ आडवी धरावी, मधेमधे थांबावे आणि उशीला टेकवून बाटली कधीही सोडून जाऊ नये. काढलेले दूध घरातल्या सामान्य तापमानाला चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत ठेवता येते. ते कोमट पाण्यात भांडे ठेवून गरम करावे. मायक्रोवेव्हमध्ये ते असमान तापते व तोंड भाजते.

पावडरचे दूध करताना उकळून सुमारे ७० अंशांपर्यंत निवलेले पाणी आधी मोजून घ्यावे आणि मग सपाट चमच्याने डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात पावडर घालावी. ते अंगाच्या उबेइतके निववून, मनगटावर थेंब टाकून पाहूनच द्यावे. दूध पुरवण्यासाठी ते पातळ करणे धोक्याचे आहे : बाळ उपाशी राहते आणि रक्तातील सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. तयार दूध दोन तासांत वापरावे, उरलेले टाकून द्यावे.

सावधान : सहा महिन्यांच्या आत पाणी किंवा साखरपाणी देऊ नये, त्याने लहानसे पोट भरते, पोषण मिळत नाही. मध तर एक वर्षापर्यंत बोटावर चाटवण्यापुरताही नको, कारण त्यातील जिवाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

पकड उत्तम असूनही वजन वाढत नसेल, तर कारण बाळाच्या शरीरात शोधावे लागते. पिताना कपाळाला घाम येणे, धाप लागणे आणि थोडे पिऊन थकणे ही हृदयाच्या दोषाची खूण असू शकते. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाला पाजल्यावर जोराने, लांब उडणाऱ्या उलट्या होत असतील आणि लगेच पुन्हा भूक लागत असेल, तर जठराचे तोंड अरुंद झालेले असू शकते. जीभ पुढे येत नसणे, टाळूला फट असणे, पुसले तरी न जाणारे पांढरे चट्टे तोंडात दिसणे, हेही पाहावे. यांचे निदान घरी होत नाही. घरी फक्त ते लक्षात येते, आणि तेवढे पुरे असते.

टप्पा ६ : सहा महिन्यांनंतर खाण्याची टाळाटाळ

सहा महिने पूर्ण झाल्यावर, मान स्थिर असेल व आधाराने बसता येत असेल, तर दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करावी. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीनदा आणि नवव्या महिन्यापासून तीन-चारदा खाणे द्यावे; दूध चालूच ठेवावे. अन्न चमच्यावरून ओघळून जाईल इतके पातळ केले, तर पोट पाण्यानेच भरते. ते चमच्यावर टिकेल एवढे दाट असावे.

पहिल्या वाढदिवसानंतरची तक्रार मात्र बहुधा मुलाची नसून अपेक्षेची असते. पहिल्या वर्षात जन्माचे वजन सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात वाढ अडीच किलोच्या आसपासच असते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. एका जेवणात किती उरले ते न पाहता आठवडाभरात एकंदर काय खाल्ले ते पाहावे.

जेवणाची शिस्त अशी ठेवावी. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास पाण्याखेरीज काही देऊ नये. मुलाला सरळ बसवून, टीव्ही-मोबाइल बंद करून वाढावे आणि २० ते ३० मिनिटांत ताट उचलावे. काय आणि केव्हा द्यायचे ते मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे ते मुलाला ठरवू द्यावे. मान फिरवली, तोंड मिटले की तो नकार मानावा. नाक दाबून किंवा हात धरून भरवलेला घास पोटात जातो, पण पुढच्या जेवणाची भीती मागे ठेवून जातो. नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा थोडाथोडा समोर यावा लागतो. दोन नकारांनंतर 'याला हे आवडतच नाही' असे ठरवू नये.

तपासा : एक वर्षानंतर वरचे दूध दिवसाला ५०० मिलिलिटरच्या वर जाते आहे का? जात असेल तर भूक तेथेच संपते आणि लोहाची कमतरता होऊन ती आणखी घटते. ताप, तोंड येणे, कान दुखणे, बद्धकोष्ठता यांतही मूल खात नाही. तेव्हा थोडेथोडे, मऊ आणि वारंवार द्यावे व बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक खाणे वाढवावे.

टप्पा ७ : डॉक्टरांकडे जाताना

२४ तासांची नोंद, जन्माचे वजन व नंतरची सर्व वजने, बाळ किती आठवड्यांचे जन्मले आणि आई व बाळ घेत असलेली औषधे, एवढे सोबत न्यावे. 'काहीच पीत नाही' असे सांगण्याऐवजी 'काल सकाळपासून पाच वेळा पाजले, लंगोट तीनदा ओला झाला' असे सांगावे; पहिल्या वाक्यावर कोणालाही निर्णय घेता येत नाही. बाळाला पोट भरून नेण्यापेक्षा पाजण्याच्या वेळेच्या सुमारास न्यावे आणि पाजताना पाहण्याची विनंती करावी, कारण पकडीचा दोष वर्णनाने कळत नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजून घ्यावा, तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण असते आणि त्यावर भूक वाढवणारे टॉनिक पुरत नाही.

निघण्यापूर्वी पुढच्या वजनाची तारीख ठरवून घ्यावी. पहिल्या दोन आठवड्यांतील बाळाचे वजन एक-दोन दिवसांत, त्यानंतरच्या तान्ह्या बाळाचे आठवड्याने पुन्हा पाहावे, आणि मधल्या काळात पहिल्या टप्प्यातील एकही लक्षण दिसले तर त्या तारखेची वाट पाहू नये.